पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक : निवड, पारख आणि निगा

भाद्रपद सरत आला, भाताच्या लोंबीत दूध भरू लागले, भुईमुगाच्या शेंगा पोसू लागल्या, म्हणजे डोंगराकाठच्या शेतकऱ्याची खरी कसोटी सुरू होते. चार महिने राबून उभे केलेले पीक रानडुकरांचा एक कळप एका रात्रीत लोळवून टाकतो. कोकणात रानडुकराच्या जोडीला वानर, माकडे, साळिंदर आणि काही भागांत गवा असतो. विदर्भात डुकराबरोबर रोह्यांचे कळप हरभऱ्यात व तुरीत उतरतात. अशा वेळी शेतकऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो बंदुकीचा. आणि खिशाचा विचार केला म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यास पुढील प्रसंग अनोळखी वाटणार नाही. एका वृद्ध शेतकऱ्याच्या ओटीवर तो बसलेला आहे. शेतकरी माजघरातून वडिलांच्या वेळची लांब नळीची बंदूक घेऊन येतो आणि म्हणतो, "साहेब, ही नुसतीच पडून आहे. यंदा काढावी म्हणतो. नाहीतर शेजारच्या गावात एकजण बारीक नळीची नवी बंदूक स्वस्तात द्यायला तयार आहे. दारू थोडी लागते, आणि सशा-तितरालाही उपयोगी पडेल म्हणतो."

कार्यकर्ता विचारतो, "काका, या बंदुकीचा परवाना कोणाच्या नावाचा आहे? आणि ती शेवटची उडविली केव्हा?"

"परवाना वडिलांचा. ते जाऊन सात वर्षे झाली. त्यानंतर तिला कोणी हात लावलेला नाही."

या चार वाक्यांत तीन धोके दडलेले आहेत. पहिला कायद्याचा, दुसरा जुन्या नळीचा आणि तिसरा स्वस्ताईचा. प्रस्तुत पाठात या तिन्हींचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. बंदूक कशासाठी हवी, हे आधी ठरवावे

हत्याराची निवड कामावरून होते. नांगर घेताना आपण जमीन काळी की मुरमाड हे पाहतो. त्याचप्रमाणे बंदूक घेण्यापूर्वी तिच्याकडून कोणते काम करून घ्यावयाचे आहे, हे स्पष्ट असले पाहिजे.

पीकसंरक्षणात बंदुकीचे मुख्य काम आवाज करून जनावरास हुसकावून लावणे हे आहे. रात्री शेताच्या कडेला झालेला एक मोठा बार कळपास परत रानात पिटाळतो. जनावर मारणे हे निराळे काम आहे. त्यास वनविभागाच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि ती प्रत्येकास व प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही. ससा, तितर, लावा यांसारख्या लहान प्राण्यांची शिकार हे तिसरे काम. आणि ते आज आपल्या देशात पूर्णपणे बंद आहे.

या तिसऱ्या कामाविषयी गावोगाव गैरसमज आढळतो. तो निर्माण होण्यास कारणही आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा मूळ स्वरूपात अमलात आला, तेव्हा त्यात लहान शिकारीसाठी परवाना देण्याची तरतूद होती. १९९१च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे सर्व परवाने रद्द झाले. ज्यांच्या वडिलांनी वा आजोबांनी परवाना घेऊन ससा मारला, त्यांना आजही ते चालते असे वाटते. ते चालत नाही. अशा गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. आणि मोर, घोरपड यांसारखे प्राणी पहिल्या अनुसूचीत असल्याने त्यांच्या बाबतीत शिक्षा याहून कडक आहे.

यास्तव "सशा-तितरालाही उपयोगी पडेल" म्हणून कोणी बंदूक विकत असेल, तर तो आपणास हत्याराबरोबर एक खटलाही विकत आहे, असे समजावे.

२. कायद्यात ठासणीच्या बंदुकीचे स्थान

ठासणीची बंदूक म्हणजे जिच्यात दारू, बोळा व छर्रे अथवा गोळी नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासावी लागतात ती बंदूक. परवान्यावर व पोलिसांच्या नोंदीत एकनळी ठासणीस एसबीएमएल व दुनळीस डीबीएमएल असे लिहिलेले आढळते. ती जुन्या पद्धतीची असली, तरी कायद्याच्या दृष्टीने पूर्ण अर्थाने अग्निशस्त्रच होय. तिला परवाना लागत नाही, ही समजूत चुकीची आहे.

शस्त्र अधिनियम, १९५९ हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या १३व्या कलमात प्रामाणिकपणे पीकसंरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्या विशिष्ट परिस्थितीत ठासणीची बंदूक पुरेशी ठरणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर तो दुसऱ्या प्रकारच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देऊ शकतो. म्हणजे शेतकऱ्याची गरज कायद्याने ओळखलेली आहे. चोरवाटेने हत्यार घेण्याचे त्यास कारण नाही.

परवान्यासंबंधी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(अ) अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्याकडे आणि जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे पोलीस आयुक्ताकडे करावयाचा असतो. अर्जावर नजीकच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जातो. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार सुरक्षित हाताळणीचे शिक्षण घेणे व हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी देणे हेही अर्जदाराचे कर्तव्य आहे. आधी परवाना, नंतर बंदूक, हा क्रम कधीही उलटा करू नये.

(आ) २०१९च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज करावा. विनापरवाना बंदूक बाळगल्यास दोन ते पाच वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो.

(इ) परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. परवानाधारकाचे निधन झाल्यास वारसाने विलंब न लावता बंदूक नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि मग स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा. "वडिलांची आठवण" म्हणून ती भिंतीवर टांगून ठेवणे हा गुन्हा ठरतो.

(ई) ज्या बंदुकीवर बनविणाऱ्याचे नाव व क्रमांक नाही, ती विकणे वा हस्तांतरित करणे यास मनाई आहे. क्रमांक खोडणे हाही गुन्हा आहे. परवान्याशिवाय नळी कापून आखूड करणे कायद्याने वर्ज्य आहे. तसेच बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घेतली पाहिजे. गावच्या लोहाराने नवी नळी बसवून दिली, तर बसविणारा व बसवून घेणारा असे दोघेही अडचणीत येतात.

(उ) अभयारण्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकाने वनविभागाकडे आपले नाव नोंदवावे लागते. तेथे नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती आवश्यक असते. अभयारण्यात लेखी पूर्वपरवानगीवाचून शस्त्र घेऊन जाता येत नाही.

जनावर मारण्याच्या परवानगीविषयीही येथेच सांगणे इष्ट. उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक झालेल्या, अनुसूची दोनमधील प्राण्यास मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी आदेशाने व कारणे नमूद करून देऊ शकतो. रानडुक्कर व रोही हे प्राणी या अनुसूचीत आहेत. परवानगीने मारलेले जनावर शासनाची मालमत्ता ठरते. त्याचे मांस घरी नेता येत नाही. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणार्थ सद्हेतूने जनावर मारले गेल्यास तो गुन्हा होत नाही. परंतु पिकाचे रक्षण आणि जिवाचे रक्षण यांत कायदा फरक करतो, हे विसरू नये.

३. नळीचा व्यास व खर्चाचा हिशेब

आता स्वस्ताईच्या प्रश्नाकडे वळू. बारीक नळीस दारू व शिसे कमी लागते, हे विक्रेत्याचे म्हणणे खोटे नाही. ते कितपत खरे व कितपत उपयोगी, हे तपासून पाहू.

गुळगुळीत नळीचे माप "बोअर" या शब्दाने सांगतात. त्याची रीत जुनी व समजण्यास सोपी आहे. एक रत्तल, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिशाच्या नळीत नेमक्या बसतील अशा जितक्या गोळ्या होतात, तितक्या बोअरची ती बंदूक. बारा गोळ्या झाल्या तर १२ बोअर, वीस झाल्या तर २० बोअर. म्हणून आकडा मोठा तितकी नळी बारीक. १२ बोअरची नळी सुमारे १८.५ मिलिमीटर, १६ बोअरची १६.८ मिलिमीटर, २० बोअरची १५.६ मिलिमीटर आणि २८ बोअरची १४ मिलिमीटर व्यासाची असते. नळीइतक्या मापाच्या गोळीचे वजन अनुक्रमे सुमारे ३८, २८, २३ व १६ ग्रॅम भरते.

याहून कितीतरी बारीक नळीच्या ठासणीच्या रायफली परदेशात आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात लांब नळीच्या रायफली घडविल्या. पुढे ॲपालाचियन डोंगरातील खेडुतांनी खार व ससा यांच्या शिकारीसाठी त्यांचे बारीक नळीचे प्रकार पसंत केले. तेथे दारू व शिसे दूरच्या बाजारातून आणावे लागे. कॅलिबर म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागात मोजलेला नळीचा व्यास. ३२ कॅलिबरची नळी सुमारे ८ मिलिमीटरची, आणि तिची गोळी केवळ २.९ ग्रॅमची. ३६ कॅलिबरची गोळी सुमारे ४.२ ग्रॅमची. एक किलो शिशात पहिल्या प्रकारच्या सुमारे ३४५ व दुसऱ्या प्रकारच्या सुमारे २४० गोळ्या होतात. २० बोअरच्या मात्र ४४ आणि १२ बोअरच्या २६ होतात. काटकसरीचा हा हिशेब त्या प्रदेशात व त्या कामास अगदी योग्य होता.

आपल्याकडे मात्र तो लागू पडत नाही. त्याची कारणे तीन.

पहिले कारण वर आलेच आहे. ज्या लहान शिकारीसाठी बारीक नळी सोयीची, ती शिकारच येथे निषिद्ध आहे.

दुसरे कारण गोळीच्या वजनात आहे. गोळीचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते. म्हणजे व्यास निम्मा केला की वजन आठव्या हिश्श्यावर येते. तीन-चार ग्रॅमची गोळी खारीस पुरेशी असेल. जाड कातड्याच्या व चरबीच्या रानडुकरास ती केवळ जखमी करते. जखमी डुक्कर झुडपात दडून बसते आणि सकाळी गवत कापावयास आलेल्या बाईवर किंवा गुराख्याच्या पोरावर चाल करते. दारूत वाचविलेल्या चार पैशांची ही किंमत कोणासही परवडणारी नाही.

तिसरे कारण आवाजाचे. हुसकावण्यासाठी मोठा आवाज हवा. तो दारूच्या मापावर अवलंबून असतो. आणि बारीक नळीत दारूचे माप वाढविणे अत्यंत धोक्याचे आहे.

तेव्हा ज्यास नवी बंदूक घ्यावयाची आहे, त्याने मध्यम मापाची, म्हणजे १६ किंवा २० बोअरच्या आसपासची एकनळी बंदूक मिळाल्यास ती पाहावी. १२ बोअरच्या मानाने तिला दारू कमी लागते आणि वजनास ती हलकी असल्याने राखणीवर वागविण्यास सोपी पडते. तशी न मिळाल्यास चांगल्या स्थितीतील १२ बोअरही उत्तम. दुनळीच्या मोहात पडू नये. अंधारात, घाईत एकाच नळीत दोनदा दारू भरली जाण्याचा धोका दुनळीत अधिक असतो.

बंदुकीची किंमत हा एकूण खर्चाचा एक भाग झाला. परवान्याचे शुल्क, प्रशिक्षण, कुलपाची पेटी, दारू व टोप्या, साफसफाईचे साहित्य आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण, हे सर्व लिहून काढावे आणि मग बेरीज करावी. ज्या शेतकऱ्याचे दोन एकर भात आहे, त्यास ही बेरीज पाहून कदाचित दुसरा उपाय स्वस्त वाटेल. तसे वाटल्यास तोच करावा.

४. बंदुकीची पारख

जुनी बंदूक विकत घेताना, अथवा वडिलांची बंदूक रीतसर आपल्या नावावर झाल्यानंतर ती वापरात आणण्यापूर्वी, पुढील क्रमाने तपासावी.

पहिली गोष्ट, ती भरलेली तर नाही ना, हे पाहावे. अनेक वर्षे पडून राहिलेल्या बंदुकीत जुना बार तसाच असणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि जुनी काळी दारू कोरडी असेल तर ती आजही पेट घेते. नळीचे तोंड स्वतःपासून दूर धरून गज हलकेच आत सोडावा व तोंडाशी खूण करावी. मग गज बाहेर काढून नळीच्या बाहेरच्या अंगाने धरावा. खूण तोंडाशी ठेवली असता गजाचे टोक नळीच्या बुडापर्यंत पोहोचत नसेल, तर आत काहीतरी आहे. अशी बंदूक आपण स्वतः मोकळी करण्याच्या भानगडीत पडू नये. परवानाधारक कारागिराकडून मोकळी करून घ्यावी.

दुसरी गोष्ट, खुणा पाहाव्यात. बनविणाऱ्याचे नाव, क्रमांक आणि नळीची दाबचाचणी झाल्याचा शिक्का आहे काय? क्रमांक परवान्यावरील क्रमांकाशी जुळतो काय? कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी नळीत नेहमीपेक्षा अधिक दाबाचा बार उडवून तिची चाचणी घेतात व मग शिक्का मारतात. ज्या नळीवर असा शिक्का नाही, तिची चाचणी पहिल्यांदा आपल्या गालाजवळ होणार, हे ओळखावे.

तिसरी गोष्ट नळी. आत उजेड टाकून पाहावे. किरकोळ डाग चालतील. परंतु गंजाने पडलेले खोल खड्डे, विशेषतः बुडाशी, जेथे दाब सर्वांत अधिक असतो तेथे, मुळीच चालणार नाहीत. बाहेरून नळीवर बोट फिरवावे. कोठे कड्यासारखा फुगवटा लागला, तर नळी एकदा आतून ताणली गेलेली आहे; ती घेऊ नये. लोखंडी पट्टी गुंडाळून घडविलेल्या जुन्या नळ्यांवर नागमोडी नक्षी दिसते. त्या देखण्या असल्या तरी पट्टीच्या सांध्यात आतून गंज शिरलेला असू शकतो. त्या शोभेपुरत्याच समजाव्यात.

चौथी गोष्ट घोडा व चाप. ही तपासणी रिकाम्या बंदुकीवरच करावी. घोडा अर्ध्यावर ओढून चाप दाबला असता घोडा पडता कामा नये. तो पूर्ण ओढून अंगठ्याने मागून जोर दिला, तरी निसटता कामा नये. निसटणारा घोडा म्हणजे कुंपण ओलांडताना स्वतःच्या पायात शिरणारा बार.

पाचवी गोष्ट टोपी बसविण्याचे पोकळ बोंड. त्याचे आटे झिजलेले असतील, किंवा त्याच्या बुडाभोवती काजळी जमत असेल, तर तेथून जाळ बाहेर येतो व डोळ्यास इजा होते. हे बोंड बदलता येते. परंतु तेही परवानाधारक कारागिराकडूनच बदलून घ्यावे. शेवटी दस्ता पाहावा. चापाच्या मागे, जेथे तो निमुळता होतो तेथे, तडा नसावा.

या पाच कसोट्यांपैकी एकीतही बंदूक उणी ठरली, तर ती कितीही स्वस्त मिळत असली तरी परत करावी.

५. भरताना व उडविताना

ठासणीच्या बंदुकीत तिच्यासाठी ठरलेली काळी दारूच वापरावी. काडतुसातील निर्धूर दारू दिसण्यात किरकोळ फरकाची वाटली तरी तिचा दाब अनेक पटींनी अधिक असतो. ती वापरल्यास नळी फुटते. फटाक्यांतील दारू व आगपेटीचा गुल यांचेही तेच. दारू व टोप्या परवानाधारक विक्रेत्याकडून, परवान्यावर नमूद केलेल्या प्रमाणातच घ्याव्यात.

दारू नेहमी वेगळ्या मापाने मोजून भरावी. डब्यातून सरळ नळीत ओतू नये. आधीच्या बाराची ठिणगी आत शिल्लक असली, तर नळीबरोबर हातातील सबंध डबा पेटतो. बनविणाऱ्याने सांगितलेल्या मापापेक्षा चिमूटभरही अधिक दारू घालू नये. जादा दारू जोर वाढविण्यापेक्षा धूर, धक्का व धोका वाढविते.

बोळा व गोळी दारूवर घट्ट टेकेपर्यंत गजाने ठासावी. मध्ये पोकळी राहिल्यास नळी तेथे फुगते वा फुटते. गजावर दोन खुणा कायमच्या करून ठेवाव्यात. एक रिकाम्या नळीची, दुसरी योग्य भरलेल्या नळीची. अंधारात बोटाने चाचपूनही मग चूक कळून येते. टोपी सर्वांत शेवटी, बार टाकण्याच्या जागी पोहोचल्यावरच बसवावी.

केवळ आवाजासाठी बार काढावयाचा असेल, तर छर्रे वा गोळी न घालता बोळाच वापरावा. तथापि बोळाही जवळच्या माणसास इजा करतो आणि पेटलेला बोळा गवताच्या गंजीत पडल्यास आग लागते. तेव्हा गंजी, खळे व सुकलेले गवत यांपासून दूर, मोकळ्या जमिनीकडे तोंड करून बार काढावा.

टोपी फुटूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेस धरून निदान एक मिनिट थांबावे. कित्येकदा दारू धुमसत राहते व उशिरा पेट घेते. नळीत डोकावून पाहण्याची चूक जन्मात एकदाच होते.

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, जे स्पष्ट दिसत नाही त्याच्या दिशेने नळी वळवू नये. झुडूप हलले म्हणून बार टाकला आणि झुडपाआड आपलाच सोबती निघाला, अशा दुर्घटना कोकणात घडलेल्या आहेत. डुक्कर गेले तर एक पीक जाते. माणूस गेला तर दोन घरे जातात.

६. निगा

काळ्या दारूची मळी हवेतील ओलावा ओढून घेते व नळी गंजविते. कोकणच्या दमट हवेत हे काम एका रात्रीतही होते. म्हणून बार काढल्यावर त्याच दिवशी नळी साफ करावी. ही मळी पाण्यात विरघळते; त्यास महाग औषध लागत नाही. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून गजास चिंधी गुंडाळावी व गरम पाण्याने नळी स्वच्छ होईपर्यंत धुवावी. मग कोरड्या चिंध्या पाण्याचा अंश राहणार नाही इतक्या वेळा फिरवाव्यात आणि शेवटी तेलाचा पातळ हात द्यावा. पुढे वापरण्यापूर्वी हे तेल पुसून काढावे.

बंदूक भरून घरी ठेवू नये. ती कुलपात, आणि दारू व टोप्या चुलीपासून व मुलांपासून दूर, वेगळ्या कुलपात ठेवाव्यात. मद्यपान केलेल्या माणसाने तिला हात लावू नये.

७. केवळ बंदुकीवर विसंबू नये

जनावरे हुशार असतात. एकाच जागेवरून एकाच वेळी होणाऱ्या बारास ती थोड्याच दिवसांत सरावतात. म्हणून माळ्यावरची राखण, गोफण, डबे, उजेड व बार यांची अदलाबदल करीत राहावे. वाडीतील दहा घरांनी पाळ्या लावून राखण केल्यास एकाच परवानाधारकाच्या बंदुकीने सर्व शिवाराचे काम भागते. मात्र त्याच्या परवान्यावर ते क्षेत्र नमूद असले पाहिजे आणि बंदूक त्याच्याच हाती राहिली पाहिजे.

सौरकुंपण हा दुसरा चांगला उपाय होय. त्यात क्षणमात्र झटके देणारा प्रवाह असतो. तो जनावरास दूर ठेवतो पण मारीत नाही. याउलट घरगुती विजेची तार शेताभोवती सोडणे म्हणजे शेजाऱ्याच्या मृत्यूस आमंत्रण देणे होय. खाद्यात स्फोटक गोळे ठेवण्याचा प्रकारही तितकाच घातक व बेकायदा आहे. त्यात आपलीच गुरे जबडा फुटून मरतात.

एवढे करूनही नुकसान झालेच, तर वेळ न दवडता नजीकच्या वनकर्मचाऱ्यास कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाईची तरतूद आहे. परंतु उशीर झाल्यास पुरावा उरत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याने या कामी शेतकऱ्यास अर्ज लिहून देण्यापासून साहाय्य करावे.

८. सारांश

आरंभीच्या शेतकऱ्याकडे परत येऊ. कार्यकर्त्याने त्यास काय सांगावे? प्रथम, वडिलांची बंदूक उद्याच पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी. उशीर झाला असला तरी आपण होऊन जमा करणे हेच हिताचे. जमा करण्यापूर्वी ती भरलेली आहे काय, हे गजाने पाहावे, आणि संशय आल्यास तसे ठाण्यात आधीच कळवावे. दुसरे, स्वतःच्या नावे पीकसंरक्षणाच्या परवान्यासाठी अर्ज करावा. तिसरे, परवाना मिळाल्यावर तीच बंदूक पाच कसोट्यांवर पारखून घ्यावी. उतरली तर नवी घेण्याचे कारणच नाही, न उतरली तर चाचणीचा शिक्का असलेली मध्यम नळीची दुसरी घ्यावी. चौथे, शेजारच्या गावची बिनक्रमांकाची बारीक नळी कितीही स्वस्त असली तरी तिच्याकडे पाहूही नये. आणि यंदाच्या हंगामापुरती वाडीकऱ्यांना एकत्र करून पाळीने राखण सुरू करावी.

हंगाम दरवर्षी येतो आणि बुडालेले पीक पुढच्या वर्षी पुन्हा उभे करता येते. डोळा, हात किंवा माणूस गमावला तर तो परत येत नाही. बंदुकीची खरी किंमत ठरविताना हा हिशेब आधी मांडावा.

गावच्या बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या गावात परवानाधारकाच्या निधनानंतर घरात राहिलेल्या बंदुका आहेत काय? त्या जमा करण्यासाठी वारसांना कोणते साहाय्य देता येईल?
२) आपले शिवार एखाद्या अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत येते काय?
३) बंदुकीच्या एकूण खर्चाची बेरीज आणि सामुदायिक राखण वा सौरकुंपण यांचा खर्च, यांची तुलना आपल्या वाडीपुरती मांडून पाहा.
४) गजावरील दोन खुणांचा उपयोग कोणता, हे प्रत्येक परवानाधारकाने इतरांना समजावून सांगावे.